मलप्रभेकाठचे ड्रोन-चित्रण: धक्के, थरथर आणि फ्रेम रेट यांच्या नोंदी

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मलप्रभा नदीवर बारा मिनिटांची फीत तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. कणकुंबीचा उगम, हब्बनहट्टी, असोगा आणि खानापूर एवढाच टप्पा घ्यायचा होता. हवाई दृश्ये पुतण्याच्या अडीचशे ग्रॅमच्या आतील लहान ड्रोनने, मुलाखती बेळगावात लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका मित्राच्या कॅमेऱ्याने आणि उरलेले तुकडे मोबाइलने घेतले आहेत. अशी तीन साधने एकत्र आली की चित्र का धडपडते, हे शोधण्यात संकलनापेक्षा अधिक वेळ गेला. आपल्या भागात आता यात्रा, कुस्तीचे फड आणि घरबांधणीसुद्धा ड्रोनने टिपतात, म्हणून त्या कामात पडणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत.

१० नोव्हेंबर २०२४

खानापूरच्या पुलापासून नदीच्या वरच्या अंगाने घेतलेली पहिली दृश्ये संगणकावर पाहिली. ड्रोन सरळ पुढे जात असताना चित्र मात्र ठेचकाळत होते. पुतण्याने लगेच पंख्यांवर ठपका ठेवून नवी जोडी मागवली (₹१,१५०). मी त्याला थांबवले नाही, परंतु जुने पंखे बोट फिरवून तपासले तेव्हा त्यांच्या कडा गुळगुळीत होत्या आणि कुठे चीरही नव्हती.

आधी हे ठरवायला हवे होते की दोष फाइलमध्ये आहे की पाहण्याच्या यंत्रात. ड्रोनची फाइल फोर-के (फार बारीक तपशिलाची) आणि एच-२६५ या दाबून साठवण्याच्या प्रकारची आहे, आणि माझा लॅपटॉप सात वर्षांपूर्वीचा आहे. हा प्रकार जागा कमी घेतो, पण उलगडताना प्रोसेसरवर मोठा भार टाकतो. चित्र चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर टेकला होता. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व तुकड्यांच्या एक हजार ऐंशी रेषांच्या प्रॉक्सी फाइल, म्हणजे हलक्या प्रती, करून घेतल्या आणि त्यावरच काम सुरू केले. प्रॉक्सी तयार व्हायला जवळपास सारी रात्र लागली, कारण मधे दोनदा वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही टिकत नाही.

प्रॉक्सीनंतर मोठे अडखळणे थांबले. मात्र एक लहान, ठरावीक अंतराने येणारा धक्का तसाच राहिला, आणि संकलन केलेली फाइल मोबाइलवर पाहिली तरी तो दिसत होता. म्हणजे लॅपटॉपचा दोष वेगळा होता आणि हा वेगळा.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पुतण्याने सुरुवातीला मला जे तुकडे व्हॉट्सॲपवर पाठवले होते, ते ड्रोनच्या कार्डावरचे नव्हतेच. उड्डाणाच्या वेळी मोबाइलच्या ॲपमध्ये साठणारे थेट प्रक्षेपणाचे ते रेकॉर्डिंग होते. सिग्नल क्षीण झाला की त्या रेकॉर्डिंगमध्ये चित्रे गळतात. तपासणी नेहमी कार्डावरच्या मूळ फाइलचीच करावी, अन्यथा नसलेल्या दोषामागे धावावे लागते.

१३ नोव्हेंबर

धक्का मोजण्याचा सोपा मार्ग सापडला. पुलाच्या कठड्याचा एक खांब चौकटीतून सरकत जातो, असा तुकडा निवडला. मूळ फाइल एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे ढकलत तो खांब प्रत्येक वेळी किती सरकतो, हे पडद्यावर पट्टी ठेवून पाहिले. प्रत्येक पाऊल सारखे होते. नंतर तोच तुकडा टाइमलाइनवर (तुकडे जोडून संकलन करण्याच्या पट्टीवर) तसाच तपासला, तर चार पावले सारखी आणि पाचवे नेमके दुप्पट. पुढची चार पुन्हा सारखी, आणि पुन्हा एक दुप्पट.

कारण मग उघड होते: फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. ड्रोनने सेकंदाला ३० फ्रेम (नेमके सांगायचे तर २९.९७) टिपल्या होत्या, आणि टाइमलाइन २५ ची होती, कारण मित्राचा कॅमेरा २५ वर चालतो आणि मी प्रकल्प उघडताना त्याच्याच मुलाखती प्रथम आत घेतल्या होत्या. तीसमधून पंचवीस काढताना सॉफ्टवेअर दर सहा फ्रेमांपैकी एक टाकून देते. म्हणजे सेकंदाला पाच वेळा चित्र उडी मारते. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाच्या दृश्यात ही उडी कोणाला कळणार नाही. नदीवरून संथ पुढे सरकणाऱ्या दृश्यात मात्र डोळा तेवढेच पकडतो.

पंख्यांचा यात काही संबंध नव्हता. मूळ फाइलमध्ये पावले सारखी असतील, तर ड्रोन आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) दोन्ही निर्दोष आहेत, एवढा निष्कर्ष या मोजणीतून निश्चित काढता येतो. पंधरा मिनिटांची ही तपासणी पैसे खर्च करण्याआधीच करण्यासारखी आहे.

१७ नोव्हेंबर

टिपलेले तुकडे २५ च्या टाइमलाइनवर वाचवता येतात का, हे पाहण्यासाठी रिझॉल्व्हमधील तिन्ही मार्ग वापरून पाहिले.

फ्रेमांचे मिश्रण करणारा पर्याय निवडला, तेव्हा धक्का गेला, पण त्याच्या जागी कठड्याच्या प्रत्येक खांबाला एक फिकट जुळा भाऊ मिळाला. ऑप्टिकल फ्लो हा पर्याय दोन फ्रेमांमधील हालचालीचा अंदाज बांधून मधली फ्रेम नव्याने रचतो. मोकळ्या शेतावर त्याने उत्तम काम केले. पण असोग्याच्या खडकांवरून फेसाळत जाणाऱ्या पाण्यावर आणि माडाच्या झावळ्यांवर तो पार गोंधळला. पाणी जागच्या जागी वितळल्यासारखे दिसू लागले. पाण्याला एक दिशा नसते आणि झावळ्या एकमेकींना झाकत-उघडत राहतात, त्यामुळे अंदाज बांधायला आधारच मिळत नाही. नदीवरच्या फितीत हा पर्याय फार थोड्या ठिकाणी चालतो.

तिसरा मार्ग सर्वांत स्वच्छ होता: एकही फ्रेम न टाकता सगळ्या फ्रेम पंचवीसच्या गतीने दाखवायच्या. २९.९७ चा तुकडा २५ ने चालवला की गती ८३.४ टक्के होते, आणि बारा सेकंदांचा तुकडा सुमारे साडेचौदा सेकंदांचा होतो. नदी, डोंगर, शेत यांना त्याने काहीच बिघडत नाही. उलट ड्रोन अधिक संथ आणि जड वाटू लागतो. पण ज्या दृश्यात माणसे चालत आहेत किंवा भाताची मळणी चालू आहे, तिथे पावले ओढल्यासारखी दिसतात. सुगीचे दिवस असल्याने आमच्या निम्म्या दृश्यांत कुठे ना कुठे माणसे आहेतच.

पुतण्याने काही तुकडे ६० फ्रेमने घेतले होते, कारण ‘जास्त फ्रेम म्हणजे जास्त गुळगुळीत’ असे त्याला कोणीतरी सांगितले होते. ६० ला २५ ने भाग जात नाही. टाइमलाइनवर खांबाची पावले दोन, तीन, दोन, तीन अशी पडतात. तेच चित्रण ५० फ्रेमने केले असते, तर एक सोडून एक फ्रेम घेऊन ते सरळ २५ मध्ये बसले असते. आकडा मोठा असण्यापेक्षा त्याला भाग जाणे महत्त्वाचे आहे.

२३ नोव्हेंबर

आता खरा प्रश्न टाइमलाइन कोणत्या आकड्याची असावी, हा होता. मित्र म्हणाला, “आपल्याकडे पाल पद्धत, आपल्याकडे पंचवीसच.” पाल ही आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची सेकंदाला पंचवीस फ्रेमची जुनी पद्धत. दूरचित्रवाणीच्या काळात हे निर्विवाद होते, आणि लग्नाच्या धंद्यात ती सवय अजून टिकून आहे. पण आमची फीत दूरचित्रवाणीवर जाणार नाही. ती वाचनालयाच्या सभागृहात लॅपटॉपला जोडलेल्या प्रोजेक्टरवर एकदा दाखवली जाईल, आणि नंतर लोक ती मोबाइलवरच पाहतील.

लॅपटॉप आणि प्रोजेक्टरचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ६० भागिले २५ म्हणजे २.४, म्हणून पडदा एक फ्रेम दोन वेळा आणि दुसरी तीन वेळा दाखवतो. एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद राहते आणि दुसरी ५०. फाइल कितीही शुद्ध असली तरी संथ हालचालीत ही कंपने उमटतात. मोबाइलचे पडदे आज बहुधा ६०, ९० किंवा १२० चे असतात. या तिन्ही आकड्यांना ३० ने नि:शेष भाग जातो, २४ ने फक्त १२० ला जातो, आणि २५ ने एकालाही जात नाही. हे गणित कागदावर मांडल्यावर माझ्या दृष्टीने वाद संपला.

तरीही खात्रीसाठी पुलाचे तेच दृश्य २५ आणि ३० अशा दोन्ही वेगांनी स्वतंत्रपणे टिपले आणि घरातल्या मंडळींना न सांगता एकामागून एक दाखवले. आईला आणि शेजारच्या मास्तरांना फरक सांगता आला नाही. पुतण्याच्या बहिणीने मात्र लगेच ३० चे दृश्य ‘नीट’ आहे असे सांगितले. नंतर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये प्रोजेक्टरची गती ६० ऐवजी ५० करून पाहिली. तो पर्याय आमच्या प्रोजेक्टरने स्वीकारला आणि २५ चे दृश्यही तितकेच नीट झाले. ज्यांची फीत फक्त सभागृहातच दाखवायची आहे, त्यांना हा उपाय पुरेसा आहे. मोबाइल पाहणाऱ्यांच्या हातात असे काही करण्यासारखे नसते.

निर्णय असा झाला की टाइमलाइन ३० ची. २५ ने घेतलेल्या मुलाखती तिच्यावर ठेवल्या की दर पाच फ्रेमांमागे एक फ्रेम पुन्हा दिसते. बसून बोलणाऱ्या माणसाच्या दृश्यात ते खपते, नदीवरून सरकणाऱ्या दृश्यात खपत नाही. म्हणून तडजोड मुलाखतींच्या वाट्याला दिली. दोन साधनांचा मेळ बसत नसेल, तर ज्याच्यात कॅमेरा अधिक हलतो त्याच्या बाजूने आकडा निवडावा, असे माझे मत या कामातून बनले आहे.

मित्राचा एक रास्त आक्षेप होता: ३० वर घेतले तर देवळातल्या ट्यूबलाइट लुकलुकतील. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. पण लुकलुकणे फ्रेम रेटवर नव्हे, तर शटरवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ प्रकाश घेते यावर, अवलंबून असते. ३० फ्रेमवरही शटर १/५० किंवा १/१०० ठेवले, तर प्रत्येक फ्रेममध्ये प्रकाशाची पूर्ण आवर्तने येतात आणि पट्टे पडत नाहीत. उरलेल्या मुलाखती आता ३० फ्रेम आणि १/५० शटरवर घेतल्या. एकाही दृश्यात पट्टा दिसला नाही.

या निर्णयाची किंमतही सांगतो. रिझॉल्व्हमध्ये फाइल आत घेतल्यानंतर प्रकल्पाचा फ्रेम रेट बदलता येत नाही. नवा प्रकल्प उघडून आधीचे सगळे कट पुन्हा जुळवावे लागले, आणि १७ तारखेच्या नोंदीतील संथ केलेले तुकडे मूळ गतीवर आणावे लागले. त्यात एक अख्खा आठवडा गेला. फाइल आत घेण्यापूर्वी हा आकडा ठरवलाच पाहिजे.

२४ नोव्हेंबर

दुपारच्या उन्हात उसाच्या फडावरून घेतलेल्या दृश्यांत दुसराच प्रकार दिसला. इथे फ्रेम रेट जुळलेला होता आणि पावलेही सारखी होती, तरी सऱ्या टिचक्या मारत सरकत होत्या. माहिती पाहिली तेव्हा शटर १/३२०० आढळले. आमच्या ड्रोनचे भिंग एफ २.८ चे आहे आणि त्याचे प्रकाश आत सोडणारे छिद्र लहान-मोठे करता येत नाही, त्यामुळे कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वरही यंत्राला शटर एवढे वेगवान ठेवावेच लागते. प्रत्येक फ्रेम अतिशय कोरीव येते आणि दोन कोरीव फ्रेमांमधली फट डोळ्याला जाणवते. शटर फ्रेम रेटच्या दुप्पट, म्हणजे ३० साठी १/६० ठेवले, तर हालचालीत थोडी धूसरता येते आणि फट भरून निघते.

१/३२०० वरून १/६० वर यायचे तर प्रकाश सुमारे ५३ पट कमी करावा लागतो. त्यासाठी भिंगावर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर लावतात. त्याचा आकडा म्हणजे प्रकाश तितक्या पटीने कमी; एनडी ६४ ने १/५० मिळते, एनडी ३२ ने १/१००. चार काचांचा संच ₹२,८०० ला पडला. दुपारी ६४, ढगाळ वेळी ३२ किंवा १६, आणि सकाळी सूर्य वर येण्याआधी ८ किंवा काहीच नाही, असा क्रम आमच्याकडे जुळला. ज्यांच्या ड्रोनचे भिंग एफ १.७ चे आहे, त्यांना याच उन्हात जवळपास तिप्पट गडद काच, म्हणजे एनडी १२८ किंवा २५६, लागेल. इतरांचा आकडा पाहून संच घेतला तर तो कमी पडतो.

काच ड्रोन सुरू करण्याआधी लावावी. सुरू होताना गिंबल स्वतःचा तोल तपासतो. चालू असताना काच बसवली की मोटरला अनपेक्षित भार लागतो आणि इशाऱ्याचा संदेश येतो. आयएसओ आपोआप बदलणारा ठेवू नये; जांबोटीच्या बाजूला झाडीच्या सावलीत शिरताना तो एकदम वाढला आणि सावलीचा भाग दाणेदार झाला. श्वेत संतुलनही (रंगांचा तोल) हातानेच ठरवावे.

८ डिसेंबर

फ्रेम रेट जुळला, शटर जुळले, तरी काही दृश्यांत धक्के उरलेच. त्यांचे कारण उड्डाणाचा वेग हे होते. सिनेमाच्या छायाचित्रकारांत एक जुना संकेत आहे, की कॅमेरा फिरवताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागावीत. तो २४ फ्रेमसाठीचा आहे. ३० वर थोडी सवलत मिळते, पण फार नाही.

ड्रोन फिरत नसून आडवा सरकत असेल, तर हाच संकेत अंतराच्या भाषेत मांडता येतो. आमच्या भिंगाच्या चौकटीची रुंदी समोरच्या वस्तूपर्यंतच्या अंतराच्या सुमारे दीडपट असते. दहा मीटरवरच्या उसासाठी चौकट पंधरा मीटर रुंद. ड्रोन सेकंदाला पाच मीटरने गेला तर ऊस तीन सेकंदांत चौकटीबाहेर. हाच वेग पन्नास मीटरवर ठेवला तर पंधरा सेकंद मिळतात. सात सेकंदांचा हिशोब केला की नियम असा सुटसुटीत होतो: जवळात जवळच्या ठळक वस्तूपर्यंतचे मीटर भागिले पाच, तेवढे मीटर प्रतिसेकंद हा कमाल वेग. दहा मीटरवर दोन, तीस मीटरवर सहा. पुतण्या म्हणाला, “काका, दोन मीटर म्हणजे चालतच जायचं की.” होय, चालतच जायचे. आता तो उडवण्याआधी भागाकार तोंडी करतो.

जागेवर वळण्यासाठी हा नियम चालत नाही, कारण वळताना जवळचे-लांबचे सगळे सारख्याच कोनाने सरकते. तिथे ड्रोन सिने मोडमध्ये (संथ उड्डाणाच्या सेटिंगमध्ये) ठेवून सेटिंगमध्ये वळण्याचा कमाल वेग कमी केला आणि सुरू होताना व थांबताना येणारा झटका मऊ करणारा आकडा वाढवला. सात सेकंदांत चौकटीची एक रुंदी, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा अंश. हातातल्या रिमोटच्या काडीने इतके हळू वळवणे कठीण असते. यंत्राला मर्यादा घालून काडी शेवटपर्यंत दाबून धरणे सोपे जाते आणि वेगही सारखा राहतो.

खानापूरच्या मंगलोरी कौलांच्या छपरांवर एक वेगळीच चमचम दिसली. कौलांच्या बारीक, सरळ रेषा कॅमेऱ्याच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या रेषांशी जुळत-विस्कटत राहतात, आणि ड्रोनने आपणहून वाढवलेला कोरीवपणा ती चमचम अधिक उठावदार करतो. ड्रोनमधील शार्पनेस एक पायरी खाली आणला आणि छपरांवरून थोडे उंच, तिरप्या कोनाने गेलो. ती पूर्ण गेली नाही, पण आता नजर तिकडे वळत नाही.

१५ डिसेंबर

असोग्याला परतताना ड्रोन निलगिरीच्या डहाळीला घासला. उडत राहिला म्हणून पुतण्याने दुर्लक्ष केले. घरी पाहिले तर त्यानंतरच्या प्रत्येक दृश्यात चित्र मऊ लाटेसारखे हलत होते आणि सरळ खांब नागमोडी दिसत होते. हा धक्का नव्हता, तर पूर्वी न दिसलेला दोष होता. धक्क्यात प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती ठीक असते आणि बिघाड दोन फ्रेमांच्या मध्ये असतो. इथे एकच फ्रेम थांबवली तरी तिच्यातला खांब वाकडा होता. कॅमेऱ्याची पेशीपट्टी चित्र वरून खाली ओळीओळीने वाचते, आणि तेवढ्या वेळात कंपनाने कॅमेरा हलला की वरची व खालची ओळ एकमेकींशी जुळत नाहीत.

पंख्याच्या कडेला नखाएवढा कोर पडलेला होता. सुरुवातीला विनाकारण मागवलेली जोडी इथे कामी आली. एका हाताचे दोन्ही पंखे एकत्रच बदलावेत, कारण ते वजनाने जुळवलेले असतात. स्क्रू अंदाजाने न आवळता सोबत आलेल्या पेचकसानेच आवळावेत. गिंबलखालची रबरे जागेवर आहेत का, तेही पाहिले. दुसऱ्या दिवशी चित्र सरळ झाले.

ती लाट घालवण्यासाठी मी आधी संगणकावरचे स्थिरीकरण लावून पाहिले होते. ते मुळीच करू नये. स्थिरीकरण चौकट सरळ करते, पण चौकटीच्या आत वाकलेला खांब त्याला सरळ करता येत नाही, उलट कडाही वितळू लागतात. वाऱ्याने हललेल्या दृश्यांतही एक अडचण आहे. शटर १/६० असेल, तर स्थिर केलेल्या चित्रात मूळ हिसक्याची धूसरता तशीच राहते, आणि स्थिर चित्र मध्येच अंधुक होऊन परत स्पष्ट होताना दिसते. वारा असलेल्या ठिकाणी, नंतर स्थिरीकरण लागणार हे दिसत असेल, तर कमी गडद काच लावून शटर १/१२० च्या आसपास ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटते. तिथे १/६० चा हट्ट धरू नये.

२२ डिसेंबर

कणकुंबी परिसर भीमगड अभयारण्याला लागून आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, म्हणून उगमाचे कुंड आणि माउलीचे मंदिर मोबाइलने, तिवईवर लावून घेतले. (बेळगाव शहराकडील दृश्ये मुद्दाम टाळली. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय जमिनीपासूनच उड्डाण करता येत नाही, आणि शहरात लष्कराची ठाणी आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय हा ड्रोनबंदीचे भाग दाखवणारा सरकारी नकाशा पाहावाच.)

मोबाइलच्या तुकड्यांत आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत गेला आणि मधूनच एखादी फ्रेम अडखळली. मोबाइल ठरलेल्या गतीने चित्रण करत नाही. प्रकाश कमी झाला की तो आपणहून फ्रेम कमी करतो, त्यामुळे फाइलवर ३० लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात गती सतत बदलत असते. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तेव्हा फ्रेम रेटचा प्रकार ‘बदलता’ असा दिसला, आणि कमाल व किमान असे दोन आकडे दिसले. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २९.९७ आणि ‘स्थिर फ्रेम रेट’ हे पर्याय निवडून सर्व तुकडे पुन्हा तयार केले आणि मगच आत घेतले. आवाज जुळला. देवळाच्या गाभाऱ्यात मोबाइलने फारच कमी फ्रेम घेतल्या होत्या. ते अडखळणे कोणत्याही उपायाने जाणार नव्हते, म्हणून तिथे स्थिर छायाचित्र वापरले.

५ जानेवारी २०२५

नवे कार्ड घेतले (₹९००), कारण जुन्या कार्डावर एक चित्रण मध्येच थांबले होते. आमचा ड्रोन सेकंदाला जास्तीत जास्त १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ मेगाबाइट लिहितो. व्ही ३० खूण असलेले कार्ड किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देते, म्हणून त्यापेक्षा महागडे घेण्याचे कारण नाही. मात्र बाजारात खोट्या खुणांची कार्डे मिळतात. कार्ड आणल्याबरोबर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे कार्ड तपासणारे सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून पाहिले, आणि मगच ड्रोनमध्ये घातले.

सभागृहातली रंगीत तालीम आज झाली. लॅपटॉपवर नीट चालणारी फीत तिथे पुन्हा अडखळली, तेव्हा क्षणभर सगळे मुळापासून सुरू करावे लागणार असे वाटले. कारण किरकोळ निघाले: फाइल पेन ड्राइव्हवरूनच चालवली होती, आणि लॅपटॉप बॅटरीवर असल्याने त्याने स्वतःची गती कमी केली होती. फाइल लॅपटॉपच्या आतील डिस्कवर उतरवली, चार्जर जोडला आणि अडखळणे गेले. एका नातेवाइकांच्या घरी मोठ्या टीव्हीवर मात्र माडांभोवती पाण्यासारखी कडा दिसली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय चालू होता, आणि तो १७ नोव्हेंबरच्या ऑप्टिकल फ्लोसारख्याच मधल्या फ्रेम आपल्या मनाने रचत होता. तो बंद केला की कडा गेली. घरोघरचे टीव्ही आपण दुरुस्त करू शकत नाही, म्हणून फीत देताना सोबतच्या चिठ्ठीत ही ओळ लिहिली आहे.

१२ जानेवारी

अंतिम फाइल अशी काढली: २९.९७ फ्रेम, १९२० बाय १०८०, एच-२६४, सेकंदाला २० मेगाबिट. फोर-के मुद्दाम टाळले, कारण सभागृहाचा प्रोजेक्टर तेवढे दाखवत नाही आणि जुन्या मोबाइलवर अडखळण्याचा धोका उगाच वाढतो. एच-२६५ ऐवजी एच-२६४ हा जुना, उलगडायला हलका प्रकार घेण्यामागेही हेच कारण आहे.

पंखे, काचा आणि कार्ड मिळून ₹४,८५० खर्च झाला. त्यातील काचांचा खर्च मी पुन्हाही करेन. ६० फ्रेमने घेतलेले तुकडे ३० च्या टाइमलाइनवर एकाआड एक फ्रेम घेऊन बसले, पण त्यांचे शटर वेगवान असल्याने त्यांतील उसाची दृश्ये अजूनही टिचक्या मारतात. त्यांपैकी दोन फितीतून काढली. तिसरे, ऊसतोडीच्या टोळीचे, पुन्हा टिपता येत नाही, कारण त्या फडातील ऊस आता कारखान्याला गेला आहे. तिथे रिझॉल्व्हमधील कृत्रिम धूसरता थोडी लावली आहे. ती पाचटाच्या कडांवर किंचित डाग सोडते, आणि प्रोजेक्टरवर ते डाग दिसत नाहीत एवढे पाहून ते दृश्य तसेच ठेवले.